बॅटरीवरचं विमान सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा जोरात, जाईल का? जाईल की, पण मिनिटभरच

हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते बॅटऱ्या सुधारतायत, मोटारी सुधारतायत, थांबा जरा, दहा वर्षांत होईल. दुसरी म्हणते फिजिक्सच परवानगी देत नाही, विषय संपला. मला दोघांचंही पटत नाही, कारण फिजिक्स कुठेही नाही म्हणत नाहीये आणि दहा वर्षांत काही होणार पण नाहीये. आवाजाचा वेग ओलांडणं ही गोष्ट 1947 सालीच जमलेली आहे, त्यामुळे ते कोडं राहिलेलंच नाही. कोडं आहे ते ओलांडल्यावर तिथे टिकून राहण्याचं, आणि टिकायला जेवढी शिदोरी लागते तेवढी बॅटरीत मावत नाही. किती मावत नाही ते बघू, गुणाकार भागाकाराच्या पलीकडे गणित नाही.

आधी वेगाचा अंदाज घेऊ. जमिनीलगत 15 डिग्री तापमानाला आवाज साधारण ताशी 1,225 किमी वेगाने जातो. वर 11 किमी उंचीवर हवा उणे 56 डिग्रीच्या आसपास असते आणि थंड हवेत आवाज हळू जातो, तिथे तो ताशी 1,060 किमीवर येतो. या वेगाला मॅक 1 म्हणायचं, दुप्पट म्हणजे मॅक 2, एवढंच. नेहमीची प्रवासी जेट विमानं मॅक 0.8 च्या आसपास उडतात, म्हणजे रेषेच्या जरा अलीकडेच असतात, आणि ते मुद्दाम, का ते पुढे येईलच.

आता इलेक्ट्रिकवाले कुठपर्यंत पोचलेत? 2020 मध्ये युरोपात रीतसर सर्टिफिकेट मिळवणारं पहिलं इलेक्ट्रिक विमान म्हणजे पिपिस्ट्रेलचं वेलिस इलेक्ट्रो, दोन सीटचं ट्रेनिंगचं विमान, साधारण 50 मिनिटं उडतं आणि वेगाच्या बाबतीत हायवेवरच्या जोरात जाणाऱ्या गाडीला जेमतेम मागे टाकतं. दुसऱ्या टोकाला रोल्स-रॉइसचं स्पिरिट ऑफ इनोव्हेशन, फक्त रेकॉर्डसाठीच बांधलेलं, 6,480 छोटे सेल, 400 किलोवॅटची ताकद, नोव्हेंबर 2021 मध्ये त्याने 3 किमीच्या टप्प्यावर ताशी 555.9 किमीचा सरासरी वेग काढला आणि त्याच दरम्यान एकदा 623 ला पण टेकलं. म्हणजे मॅक अर्धा. बघणाऱ्याला वाटतं अर्धा रस्ता झाला की राव, आता फक्त दुप्पट करायचंय.

इथेच फसगत होते. चालत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून बघितला असेल तुम्ही, वेग दुप्पट झाला की हाताला बसणारा रेटा दुप्पट नाही तर चौपट होतो. आणि तो चौपट रेटा दुप्पट वेगाने ढकलत न्यायचा असतो म्हणून लागणारी ताकद होते आठपट. म्हणजे त्याच विमानाला त्याच उंचीवर 400 च्या जागी 3,200 किलोवॅट. आणि हा हिशोब आवाजाची भानगड न धरता केलेला आहे. मॅक 1 जवळ आलं की हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, एरवी विमान येतंय ही वर्दी दाबाच्या लहरींमधून पुढच्या हवेला मिळते आणि ती आधीच सरकायला लागते, पण विमान स्वतःच त्या लहरींच्या वेगाने आलं तर वर्दी द्यायला कोणी उरत नाही, हवा दाटते, शॉकवेव्ह तयार होतात आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, एकदम उसळी मारतो. याला वेव्ह ड्रॅग म्हणतात. प्रवासी विमानं 0.8 च्या आसपास थांबतात ती याच टेकाडाच्या पायथ्याशी.

बरं, ताकद आणली तरी ती हवेला द्यायची कशी? आजची जवळपास सगळी इलेक्ट्रिक विमानं पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर चालतात. प्रोपेलरच्या पात्याचं टोक एकाच वेळी गोल फिरत असतं आणि विमानाबरोबर पुढे पण जात असतं, त्यामुळे विमान मॅक 1 च्या खूप अलीकडे असतानाच टोक मॅक 1 ओलांडून बसतं. अमेरिकनांनी 1955 मध्ये हे करून बघितलंय. रिपब्लिक कंपनीचं एक्सएफ-84एच नावाचं विमान होतं, पात्यांची टोकं मुद्दाम सुपरसॉनिक फिरतील असं बनवलेलं, अगदी जमिनीवर उभं असताना सुद्धा. लोकांनी त्याचं नाव थंडरस्क्रीच ठेवलं. पात्यांमधून शॉकवेव्हचा सतत मारा व्हायचा, आजूबाजूच्या लोकांना मळमळायचं, डोकं दुखायचं, आवाज 40 किमीवर ऐकू जायचा असं सांगतात. 12 उड्डाणं झाली, बहुतेक वेळा काहीतरी बिघडून घाईघाईने उतरावं लागलं, आणि एवढं करून ते विमान स्वतः आवाजाच्या वेगापर्यंत काही पोचलं नाही. तेव्हा उघडा पंखा बाद.

मग उरतो बंद नळीतला पंखा, डक्टेड फॅन, जेट इंजिनाच्या पुढे दिसतो तसा, पण मोटारीवर फिरणारा. याच्यासमोर हवा मॅक 2 ने आलेली चालत नाही, ती आधी मॅक 0.5 च्या आसपास हळू करावी लागते आणि ते काम इनटेकचं, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाचं. हे लोकांना माहीत नसतं, पण सुपरसॉनिक विमानात इनटेक हा अर्धा कारभार असतो. कॉन्कॉर्ड या मॅक 2 च्या प्रवासी विमानाच्या इनटेकमध्ये हलणाऱ्या फळ्या होत्या, त्या शॉकवेव्ह नेमक्या जागी बसवायच्या आणि हवा इंजिनात शिरायच्या आधीच तिचा दाब सातपटीच्या आसपास गेलेला असायचा, एकही पातं न फिरवता, फक्त वेगाच्या जोरावर. हे सगळं इलेक्ट्रिक विमानालाही तसंच वापरता येईल, इथपर्यंत काही अडचण नाही. अडचण पुढे आहे. जेट इंजिन त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळून ती तापवतं, फुगवतं आणि मागे भयंकर वेगात फेकतं. पंख्याकडे जाळायला काही नाही, तो फक्त ढकलतो. विमान मॅक 2 ने, म्हणजे सेकंदाला 590 मीटर, जात असेल तर मागे फेकलेली हवा त्याहून जास्त वेगाने जायला हवी, नाहीतर थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा रेटा, शून्य. पंख्याने ते होतं, होत नाही असं नाही, पण प्रत्येक किलो हवेला थोडासाच धक्का मिळतो म्हणून हवा खूप जास्त घ्यावी लागते, म्हणजे तोंड मोठं, म्हणजे जाडजूड नळ्या, आणि सुपरसॉनिकला सगळ्यात जास्त वावडं जाडीचंच असतं. त्यातून मार्ग निघेल, पण वजन आणि ड्रॅग वाढवूनच.

मोटारींचं मात्र कौतुक करायला हवं. चांगल्या एव्हिएशन मोटारी आज किलोला 5 ते 10 किलोवॅट देतात, बॅटरीतून निघालेल्या विजेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग शाफ्टवर पोचवतात. त्यांच्यामुळे हे स्वप्न अडलेलं नाही. अडलंय ते बॅटरीमुळे.

एक किलो जेट फ्युएलमध्ये साधारण 12 युनिट ऊर्जा असते, वीजबिलातलं असतं तेच युनिट, किलोवॅट-अवर. एक किलो चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये 0.25 युनिट, फार तर 0.3. म्हणजे चाळीस ते पन्नासपट फरक. इंजिन त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं, मोटर फारशी घालवत नाही, हे जमेस धरलं तरी वीसएकपट फरक शिल्लक राहतो. शिवाय 0.25 हा सुट्या सेलचा आकडा झाला, त्यावर पेटी, वायरिंग, थंड ठेवायची यंत्रणा, एका सेलला आग लागली तर शेजारचा पेटू नये म्हणून मधले पडदे, हे सगळं आलं की तो अजून खाली येतो. मी पुढे सगळीकडे 0.25 च धरतो, म्हणजे बॅटरीवर अन्याय केला असं कोणी म्हणायला नको.

आता कॉन्कॉर्ड घेऊ, कारण मॅक 2 ने रोजची प्रवासी सर्व्हिस वर्षानुवर्षं चालवून दाखवणारं तेवढंच एक विमान, 1976 ते 2003. उडताना जास्तीत जास्त वजन 185 टन, त्यातलं पंच्याण्णव टनांच्या आसपास इंधन. अर्धं विमान म्हणजे टाकीच म्हणा ना. शंभरएक प्रवासी. मॅक 2 ला त्याचं लिफ्ट आणि ड्रॅगचं गुणोत्तर साधारण 7, म्हणजे 7 किलो वजन हवेत धरून ठेवायला 1 किलोचा रेटा सतत द्यायचा. आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या नेहमीच्या जेटला हेच गुणोत्तर 17-18 च्या घरात असतं, म्हणजे वेगाची किंमत इथेच अडीचपट झाली. वाटेतलं सरासरी वजन 140 टन धरलं तर 20 टनांचा रेटा, सेकंदाला 590 मीटर वेगाने. गुणाकार केला की 115 मेगावॅटच्या आसपास येतं. ही फक्त हवा कापायची निव्वळ ताकद. मोटर, पंखा, इनटेक सगळ्यांचा तोटा धरून बॅटरीतून 165 मेगावॅट काढावे लागतील. तीन तास. म्हणजे जवळपास 5 लाख युनिट.

5 लाख भागिले 0.25, म्हणजे 20 लाख किलो. 2,000 टन बॅटरी, 185 टनांच्या विमानासाठी. आणि अर्थात 2,000 टन बॅटरी ठेवली की विमानाचं वजन 185 टन राहत नाही, मग ताकद वाढवा, मग बॅटरी वाढवा, मग परत वजन. हा हिशोब कुठे थांबतच नाही.

हे वजनाचं दुष्टचक्र मी घरी बघितलंय. माझ्याकडे एक छोटा ड्रोन आहे, बॅटरी त्याच्या वजनाच्या तिसरा हिस्सा, 24 मिनिटं उडायचा. मी हुशारी करून दुसरी बॅटरी टेपने खाली बांधली, समांतर जोडली, आता 48 मिनिटं मिळणार म्हणून खुर्ची टाकून बसलो. 30 व्या मिनिटाला लाल दिवा. दुसऱ्या बॅटरीची बरीचशी वीज दुसरी बॅटरी उचलण्यातच गेली. तिसरी बांधली असती तर बहुतेक दोनेक मिनिटांचाच फरक पडला असता, तो प्रयोग मी केला नाही कारण फुल थ्रॉटल देऊन उतरवल्यावर पहिली बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली होती आणि दोन दिवसांनी उशीसारखी फुगली, मग ती बादलीत वाळूखाली ठेवून दिली.

इंधनाची अजून एक सोय आपण गृहीत धरतो, ती म्हणजे ते जळून जातं. कॉन्कॉर्ड 185 टनांनी उडायचं पण उतरताना त्याला 111 टनांपेक्षा जास्त वजन चालायचं नाही, वाटेत विमान हलकं होत गेलं की लागणारा रेटाही कमी कमी होत जायचा. बॅटरी रिकामी झाली तरी ग्रॅमभर हलकी होत नाही, तुम्ही रिकामा डबा शेवटपर्यंत मॅक 2 ने वाहत नेताय, आणि उतरताना चाकं, ब्रेक, रनवे सगळं पूर्ण वजनासाठी हवं. रॉकेटवाल्यांनी यावर सरळ उपाय काढला. रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन नावाचं छोटं रॉकेट आहे, त्याच्या इंजिनाचे पंप बॅटरीवर चालतात, तर वरच्या टप्प्यातल्या बॅटऱ्या संपल्या की ते उडता उडता टाकून देतं आणि पुढच्या बॅटरीवर जातं. प्रवासी विमानातून खालच्या लोकांच्या डोक्यावर बॅटऱ्या टाकणं काही जमणार नाही, पण वजन टाकण्याची गरज किती आहे ते यावरून कळतं.

ठीक आहे, कॉन्कॉर्ड जाऊ दे. तीन तास नको, शंभर प्रवासी नकोत, नुसतं एकदा मॅक 1 ओलांडून दाखवायचंय. जमेल? हे गणित मला सगळ्यात आवडतं, कारण ते कुठल्याही आकाराच्या विमानाला लागू पडतं. विमानाचं अर्धं वजन बॅटरी धरा. मग विमानाच्या प्रत्येक किलोमागे 0.125 युनिट साठा झाला, त्यातलं सत्तर टक्के हवेपर्यंत पोचतं, म्हणजे 0.087. आता फक्त उंची आणि वेग, या दोन गोष्टींना किती लागतं बघा, हवेचा विरोध शून्य धरून. 18 किमी उंची आणि मॅक 2, कॉन्कॉर्डसारखं, तर किलोमागे जवळपास 0.1 युनिट. आपल्याकडे 0.087. संपलं. हवा नसती तरी पोचलं नसतं.

12 किमी उंची आणि मॅक 1.2 म्हटलं तर मात्र 0.05 मध्ये काम होतं. वर चढताना हवा कापायला अजून 0.018 च्या आसपास. राहिले 0.02. त्यातले निम्मे ते वेव्ह ड्रॅगचं टेकाड चढण्यात जाणार. उरले 0.01 युनिट, आणि मॅक 1.2 ला टिकून राहायला प्रत्येक किलोमागे साधारण 580 वॅट लागतात, भागाकार करा, मिनिटभर. साठ सेकंद सुपरसॉनिक, मग बॅटरी रिकामी, मग ग्लायडरसारखं खाली, आणि रनवे पहिल्याच फेरीत सापडायला हवा, परत फिरायला काही शिल्लक नाही. शीर्षकातलं मिनिट ते हेच. आणि हेही उदार मनाने, कारण ज्या सेलमध्ये जास्त ऊर्जा मावते ते सेल सहसा ती इतक्या घाईने ओतू शकत नाहीत, आणि जे घाईने ओततात त्यांच्यात कमी मावते. बाटलीचं तोंड आणि बाटलीचं पोट, दोन्ही मोठं मागितलं तर मिळत नाही.

उष्णतेकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. जेट इंजिन आपली बहुतेक उष्णता मागच्या मागे हवेत सोडून देतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. इलेक्ट्रिक यंत्रणेत तोटा कमी, पण तो सगळा विमानाच्या पोटात होतो. 165 मेगावॅटचे पाच टक्के म्हणजे आठ मेगावॅट, एवढी उष्णता सतत बाहेर काढायची. कुठे? बाहेर हवा उणे 56 आहे की, असं वाटेल, पण मॅक 2 ला ती हवा विमानावर आदळून थांबते तेव्हा तिचं तापमान 117 डिग्रीपर्यंत जातं. कॉन्कॉर्डच्या नाकावर 127 डिग्रीची मर्यादा घातलेली होती, अंग तापून विमान वीसएक सेंटीमीटर लांब व्हायचं. आणि बॅटरीला काय हवं असतं, 20 ते 40 डिग्री, 60 च्या वर गेलं की ती कुरकुरायला लागते आणि त्याच्याही वर गेलं की माझ्या बादलीतल्या बॅटरीसारखी होते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तर रेडिएटर उलटा चालतो. कॉन्कॉर्ड आपली उष्णता इंधनातच जिरवायचं, ते इंधन मग जळून जायचं. आपल्याकडे ती सोयही नाही.

आता मस्क. एलॉन मस्क कित्येक वर्षं सांगतोय की त्याच्या डोक्यात इलेक्ट्रिक सुपरसॉनिक जेटचं डिझाइन आहे, उभं उडणारं आणि उभं उतरणारं. त्याचा एक मुद्दा खरोखर चांगला आहे, तो चेष्टेवारी नेऊ नये. मोटरला श्वास घ्यायला लागत नाही. जेट इंजिन उंचावर गुदमरतं कारण तिथे ऑक्सिजन कमी, मोटारीला फरकच पडत नाही, म्हणून हे विमान जास्त उंच, जास्त विरळ हवेत जाऊन तेवढ्याच दाबात जास्त वेग काढू शकेल. बरोबर आहे. पण विरळ हवेत पंख्याला पण पकडायला कमी हवा असते, आणि वर जायला ऊर्जा लागते ती आपण आत्ताच मोजली. शिवाय विरळ हवेत अजून एक त्रास निघतो जो जमिनीवरच्या गाड्यांना कधी होत नाही. मेगावॅट वाहून न्यायचे तर व्होल्टेज हजारांत न्यावं लागतं, नाहीतर वायर मनगटाएवढ्या जाड होतील, आणि 18 किमीवर हवेचा दाब जमिनीच्या तेराव्या हिश्श्यावर येतो, तिथे हवा इन्सुलेशन म्हणून कमी पडते आणि ठिणगी सहज उडी मारते. इन्सुलेशन वाढवा, परत वजन.

मस्कने स्वतः किलोला 400 वॅट-अवर, म्हणजे 0.4 युनिट, झाले की विचार करता येईल असं म्हटलं होतं. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने 2023 मध्ये 500 ची बॅटरी जाहीर केली. म्हणजे झालंच की? वरच्या गणितात 0.25 च्या जागी 0.5 टाकून बघा, मिनिटाची काही मिनिटं होतील, शेदोनशे किलोमीटर जाईल, प्रात्यक्षिक छान होईल. समुद्रापलीकडे जायचं तर 5 ते 6 युनिट किलोला हवेत, आजच्या वीसपट. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली तेव्हा ती किलोला 80 वॅट-अवरच्या आसपास होती, तीस-बत्तीस वर्षांत तीन-चारपट झाली, आणि या केमिस्ट्रीत अजून वीसपट जायला जागाच नाही. लिथियम-एअरचं कागदावरचं गणित मोठं आहे, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन वापरायचा म्हणून, पण तो ऑक्सिजन बॅटरीतच अडकून बसतो, त्यामुळे ती रिकामी होता होता जड होते! म्हणजे उतरताना उडतानापेक्षा जास्त वजन. विमानासाठी याहून उलटं काही सुचवणं कठीण.

सोलर? पटकन सांगतो. कॉन्कॉर्डच्या पंखांचं क्षेत्रफळ 358 चौरस मीटर. डोक्यावर सूर्य, वर ढग नाहीत, पॅनल उत्तम, तर सव्वाशे किलोवॅटच्या आत मिळतील. लागतात 165 मेगावॅट. हजारपटीहून जास्त फरक. सोलर इम्पल्स 2 ने 2015-16 मध्ये नुसत्या सूर्यावर पृथ्वीप्रदक्षिणा केली, पंख 72 मीटरचे, वजन जेमतेम सव्वादोन टन, आणि वेग सायकल आणि मोटरसायकलच्या मधला. जमिनीवरून मायक्रोवेव्हने वीज वर पाठवायची कल्पना पण जुनी आहे, विल्यम ब्राउनने 1964 मध्ये त्यावर छोटं हेलिकॉप्टर 18 मीटर वर तरंगवून दाखवलं होतं. 18 मीटर. मॅक 2 च्या विमानामागे शेकडो मेगावॅटचा झोत धरून फिरवणं, त्यात मध्येच एखादा पक्षी आला तर... सोडून द्या.

हायड्रोजनवर जरा थांबायला हवं, कारण वजनाच्या बाबतीत तो सगळ्यांचा बाप आहे, किलोला 33 युनिट. पण द्रवरूपात ठेवायचा तर उणे 253 डिग्री, आणि तेवढ्याच ऊर्जेला जेट फ्युएलच्या चौपट जागा. सुपरसॉनिक विमान सुईसारखं हवं आणि हायड्रोजन त्याला फुग्यासारखं करायला बघतो. फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून न जाळता सरळ वीज करणारी यंत्रणा, लावून वीज करायची तर त्यांची निम्मी ऊर्जा कोमट उष्णतेत जाते, ती परत बाहेर टाकायची कटकट. हायड्रोजन सरळ जेट इंजिनात जाळणं त्यापेक्षा शहाणपणाचं, पण मग ते इलेक्ट्रिक विमान राहत नाही.

माझ्या मते खरा दम आहे तो मधल्या रस्त्यात. इंधन जाळून टर्बाइनने जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर पुढचा पंखा आणि हवा दाबणारा कॉम्प्रेसर, ज्याला टर्बो-इलेक्ट्रिक म्हणतात. साध्या जेटमध्ये टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच दांड्यावर जखडलेले असतात, एकाचा वेग बदलला की दुसऱ्याचा बदलतो, त्यामुळे टेकऑफला चांगलं असलेलं इंजिन मॅक 2 ला ओझं होतं आणि मॅक 2 चं इंजिन टेकऑफला भसाभस इंधन पितं. कॉन्कॉर्डला टेकऑफला आणि मॅक 1.7 पर्यंत वेग घेताना आफ्टरबर्नर, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळणारी यंत्रणा, लावावा लागायचा तो यामुळेच. मध्ये वीज आली की दोघं सुटे, प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या वेगाने फिरावं. यात टाकी इंधनाचीच राहते, वीज फक्त गिअरबॉक्सचं काम करते, पण काम चोख करते.

एक गैरसमज जाता जाता. इलेक्ट्रिक आहे म्हणजे सोनिक बूम होणार नाही असं बरेच जण धरून चालतात. बूमचा इंजिनाशी संबंध नाही, विमानाचं अंग हवा फाडत जातं त्याचा तो धमाका आहे, इंजिन बंद ठेवून वरून सूर मारला आणि मॅक 1 ओलांडला तरी तेवढाच होणार. तो कमी करायचा तर आकार बदलायला लागतो, नासाचं एक्स-59 त्यासाठीच लांबलचक चोचीचं केलंय.

मग इलेक्ट्रिकवर पहिल्यांदा मॅक 1 कोण ओलांडेल? मला विचाराल तर प्रवासी विमान नाही, पायलट असलेलं पण नाही. छोटं, मिसाइलसारखं सडपातळ, बिनपायलटचं विमान, आणि ते जमिनीवरून उडणारच नाही, मोठ्या विमानाच्या पोटाखाली टांगून 12 किमीवर नेऊन मॅक 0.8 ला सोडून देतील. चढण्याचा सगळा खर्च वाचला की वरच्या गणितातलं मिनिट वाढून सहा-सात मिनिटं होतं, दीडशेच्या आसपास किलोमीटर. ही युक्ती नवीन नाही. 14 ऑक्टोबर 1947 ला चक येगरने बेल एक्स-1 मधून पहिल्यांदा आवाजाचा वेग ओलांडला, मॅक 1.06, तेव्हा ते विमान बी-29 बॉम्बरच्या पोटाखालूनच सोडलं होतं, कारण त्याच्या रॉकेटला पण काही मिनिटांपुरतंच इंधन होतं. दोन दिवस आधी घोड्यावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, दार ओढायला हात जात नव्हता म्हणून झाडूच्या दांड्याचा तुकडा बरोबर घेऊन गेला होता. काम झाल्यावर एक्स-1 टाकी रिकामी करून ग्लायडरसारखं कोरड्या तलावावर उतरलं. आपलं बॅटरीवालं पण तसंच उतरेल, फक्त त्याची टाकी रिकामी झाल्यावरसुद्धा भरलेली असताना होती तेवढ्याच वजनाची असेल.